फाईल वाटंत हाय

मल्लाप्पाण्णांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, खालच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याचा एक तुकडा चिकटवलेला असे. कुठल्या तरी लग्नपत्रिकेचा, लाल, गणपतीचं अर्धं पोट दिसणारा. त्या पुठ्ठ्यामागं ती हिरवी पट्टी होती, फाईल किती टक्के पोचली ते सांगणारी. ती कुणालाही दिसू द्यायची नाही, असा अण्णांचा नियम.

"पट्टी खोटं बोलतीया अक्का," ते म्हणायचे. "नव्याण्णवाला जाऊन बसती आनि माणसाचा जीव खाती. मी सांगतो की तुमाला. बसा."

आणि ते सांगायचे, पण टक्क्यांत नव्हे, एसटीच्या थांब्यांत. अण्णा मूळचे नृसिंहवाडीच्या पलीकडचे, कर्नाटकाला टेकलेल्या गावचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि भेटेल ती बाई, वय पाच असो की पंचाऐंशी, अक्का. त्यांची प्रत्येक फाईल कोल्हापुरातून वाडीला जायला निघायची. "निघालीया. शिरोलीच्या पुलावर हाय." पंधरा मिनिटांनी, "हातकणंगलं." मग बराच वेळ काहीच नाही. कुणी घसा खाकरला की, "जयसिंगपुरात जरा थांबती. गर्दी असती." शिरोळ आलं की माणसं पिशव्या उचलून उभी राहायची. वाडी म्हणजे कागद डॉक्टरांच्या टेबलावर.

हे सगळं चालायचं नदीकडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, आणि तेही तळघरात. दवाखान्याचं नाव इथं लिहीत नाही, पत्रकांत लिहून लिहून कंटाळले. ज्या गावात नदी अधूनमधून घरात येऊन जाते, त्या गावात हजारो पेशंटांचे कागद साठवणारं यंत्र यांनी तळघरात ठेवलं. पूर्वी तिथं मोडक्या खाटा होत्या. मागच्या महापुरात त्या कुजल्या, जागा मोकळी झाली, आणि मोकळी झाली म्हणून सर्व्हर ठेवला. याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. बरं, कागद स्कॅन करून आत घातल्यावर मूळ कागद रद्दीला दिले. म्हणजे कुणाला कुठलं औषध चालत नाही, कुणाचं काय काढलंय, कुणाला किती डोस झालेत, हे सगळं जगात एकाच ठिकाणी उरलं. अण्णांच्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात घरघरणाऱ्या एका डब्यात.

मी रुग्णांच्या कागदांसाठी भांडते. आमची समिती आहे, समितीत चार माणसं आहेत, त्यातली दोन बैठकीला येतात. पत्रकं मी लिहिते. कुणाचा तरी कागद सोडवायला आठवड्यातून एकदा तरी मी त्या तळघरात उतरायची, आणि दर वेळी मला भीती वाटायची, हे सरळ सांगते. जिन्याच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, मागच्या पुराची चिखलाची रेघ होती. रंग दिला तरी ती परत उमटायची. त्या रेघेखाली बसून आपण फाईल हातकणंगल्याला पोचायची वाट बघतोय, हे मनातून जायचं नाही.

अण्णांना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटायची. सकाळी आल्यावर ते चपला काढायच्या आधी कपाटाच्या दारावर तळवा ठेवून आतली थरथर बघायचे. वीज नुसती लुकलुकली तरी त्यांचा चेहरा उतरायचा. यंत्र बंद करून चालू करा असं कुणी सुचवलं तर ते दोन्ही हात पसरून कपाटासमोर उभे राहायचे. "म्हातारं हाय त्ये. निजलं तर उठंल का न्हाई, कोण सांगणार?" एसीमुळं मे महिन्यातही अंगात स्वेटर, गळ्यात मफलर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि वायरी जिथं एकत्र येतात त्या चपट्या डब्यावरही तीन पट्टे.

फाईल फारच रेंगाळली की अण्णा दुरुस्तीला उठत. आधी वायरी काढून तोंडानं फुंकर. मग उंदराची शंका, मग त्या शंकेपायी टेबलाखाली बॅटरी. मग ते जमलेल्या नातेवाइकांना कामाला लावायचे. "पावणं, ही वायर धरा. हलवू नका. अक्का, तुमी ह्या दिव्याकडं बघा, हिरवा झाला की सांगा." आणि माणसं धरायची. फेटा बांधलेला एक भरभक्कम शेतकरी निळी वायर दोन बोटांत धरून, श्वास रोखून अर्धा तास बसलेला मी पाहिलाय. तेवढ्यात अण्णा त्याला विचारत, गाव कुठलं, ऊस गेला काय, आजारी कोण, थोरली पोरगी कुठं दिली. खालून वर जाताना त्या माणसाची अख्खी सोयरीक अण्णांना पाठ झालेली असायची.

"वायर धरून होतं काय?" मी एकदा विचारलं.

"धरली न्हाई तर काय हुतंय त्ये बगायचं हाय काय तुमाला?" अण्णा म्हणाले. मला बघायचं नव्हतं. समोर माझ्या आत्याचा कागद जयसिंगपुरात होता.

‘एका कागदाला तीन तास, जबाबदार कोण?’ असं पत्रक मी काढलं. अण्णांनी ते उभ्याउभ्या वाचलं, "झणझणीत झालंय" म्हणाले, आणि पन्नास प्रती ठेवून घेतल्या. फाईलची वाट बघणाऱ्यांना स्वतःच्या हातानं वाटल्या. वाचायला काहीतरी झालं म्हणाले.

आता आत्याचं सांगते. ही माझी सख्खी आत्या, वडिलांच्या पाठची. तिच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, मग किरणांचे डोस सुरू झाले. एकूण पंचवीस. एकोणीस झाले आणि पाणी आलं.

ऑगस्टातला तो आठवडा कोल्हापूरकराला समजावून सांगायला नको. सकाळी उठून आधी मोबाईलवर पाण्याची पातळी बघायची, मग तोंड धुवायचं. तिसऱ्या दिवशी दवाखाना रिकामा करायचं ठरलं. पेशंट टेकाडावरच्या नव्या इमारतीत हलवायला सुरुवात झाली. खालच्या भागाची वीज दुपारी चारला तोडणार असा निरोप आला. त्याआधी सगळे कागद नव्या इमारतीतल्या यंत्रात जायला हवे होते. आत्या सकाळीच ट्रॅक्टरमधून तिकडं पोचली. तिथल्या डॉक्टरीणबाई मला फोनवर म्हणाल्या, "आधी किती दिलंय, नेमकं कुठं दिलंय, ते समोर असल्याशिवाय मी मशीन लावणार नाही. चुकून जास्त गेलं तर फुप्फुस भाजेल. आणि फार दिवस मध्ये गेले तर आधीचं वाया."

मी धावत तळघरात गेले. अकरा वाजले होते. अण्णा एकटेच होते, आणि पडद्यावरचा पुठ्ठा काढलेला होता. इथं यायला लागल्यापासून तीन वर्षांत पहिल्यांदा मी ती पट्टी पाहिली. तिच्याखाली लिहिलं होतं, शिल्लक वेळ एकतीस तास.

"अण्णा, आपल्याकडं पाच तास आहेत."

"व्हय."

"डबा उचलून वर न्या की सरळ."

"बंद केला आनि उठला न्हाई तर? आनि तिकडं पेशंट पोचल्यात. डाक्टर कागद मागाय लागलेत." कोपऱ्यातल्या भिंतीला घाम फुटावा तसं पाणी सुटलं होतं. फरशीच्या फटींतून बुडबुडे येत होते. वर खाटा ओढल्याचे आवाज, कुणीतरी कुणाचं तरी नाव घेऊन हाका मारतंय.

अण्णा उठले. वायरी काढून फुंकल्या, परत लावल्या. एकतीस तास. चपटा डबा पुसला. एकतीस तास. मी न सांगता एक वायर धरून बसले. बारा वाजता पट्टी एवढीशी सरकली होती. पाणी माझ्या चपलेच्या तळाला लागलं.

तेव्हा मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. माझ्या शेवटच्या पत्रकाचा मथळा होता, ‘दवाखान्यातला वशिला बंद करा’. मी हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, माझ्या आत्याचं तेवढं पुढं काढता येतंय का बघा. बाकीचे मागनं जाऊ देत."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. माझ्याबद्दल त्यांचा काहीतरी ठाम समज होता आणि तो आत्ता पाण्यात पडला, तसं पाहिलं.

"तुमी पन अक्का," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी फरशीवरच्या पाण्याकडं पाहिलं. खुर्ची पुढं ओढली. पडद्यावर एक खिडकी उघडली, तिच्यातून दुसरी, तिच्यातून तिसरी. शोधत नव्हते, सरळ गेले. तिथं एक छोटा चौकोन होता, त्यात बरोबरची खूण, आणि शेजारी लिहिलं होतं, वेगमर्यादा. दोनदा नेम चुकला. तिसऱ्यांदा खूण गेली.

एकतीस तासांचे दोन तास चाळीस मिनिटं झाले.

मला आधी आनंद झाला. तो ओसरायला फार वेळ लागला नाही.

"ही खूण कधीपासनं आहे?"

"पाच वर्सामागं ह्ये सॉफ्टवेअर बसवाय आलेल्या कंपनीच्या पोरानं लावलती. तात्पुरती. काढाय इसरला."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पयल्याच म्हैन्यात." ते पडद्याकडंच बघत होते. "काढणारच हुतो. तवर माणसं खाली याय लागलीती."

मग त्यांनाच राहवलं नाही. "त्येच्या आदी निस्ता फोन यायचा. अमकी फाईल लावा, तमकी फाईल लावा. माझं तोंड कसं हाय, ह्ये वर कुणाला म्हाईत न्हवतं."

त्या खोलीत तीन वर्षांत माझ्या शेजारी कोण कोण बसून गेलं ते डोळ्यांपुढं येत होतं. बिद्रीकडचे एक आजोबा, शेवटची गाडी चुकेल म्हणून दर पाच मिनिटांनी उठणारे. एक पोरसवदा नवरा, बायको वर बाळंत होत होती आणि तिचा रक्तगट अण्णांच्या डब्यात होता. तो पाऊण तास हिरव्या दिव्याकडं बघत बसला होता. त्याच्या बायकोला काही झालं नाही, नशीब. पण दवाखाना काय नशिबावर चालवायचा? मला अण्णांना धरून हलवावंसं वाटत होतं. हलवलं नाही, कारण पट्टी पळत होती आणि माणूस तिच्यासमोर हात जोडून बसला होता.

उरलेला वेळ आम्ही दोघं टेबलावर पाय घेऊन बसलो. अण्णांनी एकाही गावाचं नाव घेतलं नाही. पाणी खुर्चीच्या पहिल्या आडव्या पट्टीला लागलं, मग ती दिसेनाशी झाली. अडीचला पट्टी नव्याण्णववर गेली आणि थांबली. अण्णांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, मिटता आले नाहीत. चार मिनिटं गेली असतील. मग पट्टी गेली आणि पडदा साधा झाला.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. कागद उघडल्याचा आवाज नसतो, पण त्या गप्प झाल्या ते ऐकू आलं. मग म्हणाल्या, "एकोणीस. डावी बाजू. सगळं आहे." मी जिन्यावरच बसले. अण्णा मागून आले, पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात फक्त मफलर. डबा खालीच राहिला. चारला वीज गेली, आणि संध्याकाळपर्यंत तळघर नदीचं झालं.

आत्याचे उरलेले सहा डोस झाले. आता ती घरी आहे आणि सुनेच्या भाकरीला नावं ठेवते.

नव्या इमारतीत कागद एका मिनिटात येतो. अण्णांना तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, खिडकीची. तिकडं कुणी जात नाही, जायचं कारणच नाही. मी पत्रक लिहायला बसले. सगळं लिहिलं, खूण, वेगमर्यादा, आजोबा, रक्तगट. पाच वर्षं एका माणसानं लोकांना ताटकळत ठेवलं, असं स्पष्ट लिहिलं. ती खूण पाच वर्षांत एकदाही तपासायला खाली न उतरलेल्या साहेबांनाही सोडलं नाही. छापायच्या आधी ज्याच्यावर लिहिलंय त्याला दाखवायचं, हा आमच्या समितीचा नियम आहे. मी तिसऱ्या मजल्यावर गेले.

मला बघून अण्णा खुर्चीतून उठले. "काय अडकलंय?"

"काही नाही."

त्यांना हे उत्तर कळलं नाही. ते उभेच राहिले. मी कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीखाली बोट ठेवून सगळं वाचलं. रक्तगटापाशी बोट बराच वेळ थांबलं.

"ह्ये लिवलं त्ये बरं केलं," ते म्हणाले. "त्येचं भ्या मला अजून हाय. त्यो पोरगा सपनात येतोय." मग खिशातलं पेन काढून एका ठिकाणी दुरुस्ती केली. "पाच वर्सं न्हवं. पाच वर्सं, चार म्हैनं. छापताना बरुबर असाय पायजे."

"नोकरी जाईल अण्णा."

"जाईल." कागदाची घडी जुनीच होती, तिच्यावरून त्यांनी पुन्हा नख फिरवलं. "छापनार कवा?"

"सोमवारी."

"मग एक प्रत मला मोबाईलवर धाडणार, का..." ते खिडकीकडं बघत बोलत होते. "का हितं आणून देणार?"

"आणून देते."

अण्णांनी टेबलावरचं कॅलेंडर जवळ ओढलं आणि पेनाचं टोपण परत उघडलं. "सोमवारी किती वाजता याल?"