सेक्टर अकरातलं खळं

माझ्या लग्नाला बत्तीस वर्षं झाली. या बत्तीस वर्षांत आमच्या घरात विकतचा तांदूळ आलेला नाही. चाळ गेली, सासूबाई गेल्या, बैठं घर गेलं, सातव्या मजल्यावरचा फ्लॅट आला, पण तांदूळ माझ्या माहेरचाच. चौलच्या आत आमची शेती आहे आणि माझा भाऊ रघू दर दिवाळीनंतर माझ्या वाट्याच्या सहा गोणी न चुकता पाठवतो. बिल्डिंगमधल्या बायका दुकानातल्या तांदळाची नावं घेतात तेव्हा मी गप्प बसते. म्हणजे बसत नाही, पण ते जाऊ दे.

या वर्षी ऐन कापणीत पाऊस पडला. सकाळी साडेसहाला रघूचा फोन आला.

"अक्का, टेम्पो निघालाय. पण भात भिजलाय गो. इकडं अजून आभाळ हाय. तुमच्याकडं ऊन हाय ना? आजच्या आज सुकवाला घाल, न्हाय तर कोंब फुटतील."

भात म्हणजे ताटातला नव्हे, टरफलासकटचं धान. ओलं धान गोणीत राहिलं की तापतं, मग त्याला वास येतो आणि मग ते कोंबड्यासुद्धा खात नाहीत. म्हणजे आज ऊन मिळालं नाही तर बत्तीस वर्षांचा माझा तोरा खलास.

"गच्चीवर घालू," मी यांना म्हटलं.

हे म्हणजे कृष्णाजी घरत, तहसील कचेरीतून निवृत्त. माणूस चांगला, पण नियमाच्या नावानं लगेच घाबरतो. "गच्चीला कुलूप आहे," हे म्हणाले. "सोलरची पॅनेलं बसवलीत. सेक्रेटरी चावी देणार नाही."

"मागितली का?"

"नाही. पण देणार नाही."

मी खिडकीतून खाली बघितलं. समोर आमच्या सेक्टर अकराचं नवं कोरं उद्यान. जॉगिंग ट्रॅक, व्यायामाची यंत्रं, गोट्यांवरून अनवाणी चालायचा तो ॲक्युप्रेशरचा पट्टा आणि मधोमध स्केटिंगची रिंक. स्केटिंग कुणाला येत नाही म्हणून सदा रिकामी. गुळगुळीत, सपाट, चारी बाजूंनी कठडा आणि दिवसभर ऊन. माझ्या माहेरी इतकं सुंदर खळं आजवर कुणी केलेलं नाही. खळं म्हणजे अंगण सारवून केलेली धान वाळवायची जागा. इथं नगरपालिकेनं आपणहून करून ठेवली होती.

"केसर, नको," हे म्हणाले. मी अजून काही बोललेसुद्धा नव्हते.

आठ वाजता सहाच्या सहा गोणी रिंकमध्ये मोकळ्या झाल्या होत्या. टेम्पोवाल्यानं ओतून दिल्या, मी पसरल्या. हे कठड्याबाहेर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून उभे, जणू माझी आणि यांची ओळखच नाही.

वॉचमन सुजित आला. चाळिशीचा, मिशीवाला, आणि आपण उद्यानाचे मालक आहोत असा त्याचा पक्का समज. त्यानं फाटकाजवळच्या नियमांच्या फलकाकडे बोट दाखवलं. "मावशी, नियम नंबर सहा. खाद्यपदार्थ आणायला मनाई."

"हे खाऊन दाखव," मी म्हटलं आणि चिमूटभर भात त्याच्या हातावर ठेवला.

त्यानं खरंच तोंडात टाकला, दोनदा चावला आणि थुंकला.

"नियम नंबर नऊ," मी म्हटलं. "थुंकण्यास मनाई."

सुजित गेला. साहेबांना फोन लावतो म्हणाला. लाव म्हटलं.

आता, भात नुसता पसरून भागत नाही. तासातासाला त्यातून अनवाणी, पाय घासत फिरावं लागतं. त्याला आम्ही पाय फिरवणं म्हणतो. त्यानं सऱ्या पडतात आणि खालचा ओला भात वर येतो. मी साडी खोचली आणि सुरुवात केली. दोन फेऱ्या झाल्या तेव्हा कठड्याशी नूतनताई येऊन थांबल्या. या बँकेच्या निवृत्त मॅनेजर आणि आमच्या सेक्टरच्या हास्यक्लबच्या प्रमुख. डोक्यावर टोपी, पायात पांढरे बूट आणि प्रश्न विचारताना भुवया वर.

"हे काय चाललंय?"

त्यांचा तो सूर ऐकला आणि माझं डोकं फिरलं. 'धान वाळवतेय' म्हटलं असतं तर 'अय्या, गावाकडचं' असं काहीतरी ऐकावं लागलं असतं. मी म्हटलं, "पायांचा व्यायाम. माझ्या आईनं जन्मभर केला. नव्वदाव्या वर्षी गेली, पण गुडघ्याला कधी तेलसुद्धा लावलं नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता. आई खरंच नव्वदीत गेली.

नूतनताईंनी त्या गोट्यांच्या पट्ट्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, मग स्वतःच्या गुडघ्यांकडे. आणि बूट काढले.

साडेनऊला हास्यक्लब सगळाच्या सगळा भातात होता. दहा वाजता योगावाले आले. अकराला शेजारच्या सेक्टरातून माणसं यायला लागली, कारण नूतनताईंनी फोटो चार ग्रुपवर टाकले होते. मी काय केलं? दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. मी फुकटची माणसं कामाला लावली.

"पाय उचलू नका, घासा. घासल्याशिवाय फायदा नाही. काका, तुम्ही त्या कोपऱ्यात जा, तिकडं ओलं आहे."

"ओलं का आहे?" काकांनी विचारलं.

"ओल्याचा गुण वेगळा," मी म्हटलं.

यांनासुद्धा मी सोडलं नाही. चपला काढायच्या जागेवर उभं केलं. बिचारे दुपारपर्यंत 'डावी जोडी डावीकडं, उजवी उजवीकडं' असलं काहीतरी बडबडत होते. शाळा सुटल्यावर मुलं आली आणि भातात लोळली. त्यांना अंगभर खाज सुटली तेव्हा नूतनताईंनी त्यांच्या आयांना समजावलं की शरीरातली उष्णता बाहेर पडतेय. हे मात्र मी सांगितलेलं नव्हतं.

साडेचारला भात खडखडीत वाळला. मूठभर घेऊन हलवला तर छान वाजत होता. मी यांना गोणी आणायला पाठवलं आणि तेवढ्यात सुजितचे साहेब आले. हर्षद नाव, उद्यान पर्यवेक्षक, गळ्यात ओळखपत्र. मी भांडायच्या तयारीनं कंबर कसली. तर साहेबांनी बूट काढले, एक फेरी मारली आणि डोळे मिटून म्हणाले, "अप्रतिम. हे कायम ठेवायचं."

टाळ्या वाजल्या.

"कायम म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे इथंच. उद्या फलक लावतो. उपक्रमाचा अहवाल वर पाठवतो."

"आणि मी हे घरी नेलं तर?"

"नियम नंबर सतरा, मावशी," सुजित मागून म्हणाला. त्याचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा खुलला होता. "उद्यानातली कुठलीही वस्तू बाहेर न्यायला मनाई. आणि साहेब, पाचला पाण्याचे फवारे सुरू होतात, पार रिंकपर्यंत."

"फवारे बंद करा," मी म्हटलं.

"आपोआप सुरू होतात," साहेब म्हणाले. "पेटीची चावी ऑफिसात असते. आणि ओल्याचा गुण वेगळा, असं तुम्हीच सांगितलंत म्हणे."

मी घड्याळ बघितलं. अठरा मिनिटं होती. गप्प बसले असते तर वर्षाचा तांदूळ गेला असता, खरं बोलले असते तर अब्रू गेली असती. मी अब्रूवर पाणी सोडलं.

रिंकच्या मधोमध जाऊन भातावर मांडी घालून बसले. "ऐका सगळ्यांनी. हा व्यायाम नाही. हे माझं धान आहे. माझ्या भावानं पिकवलेलं, पावसात भिजलेलं. आम्ही हेच वर्षभर खातो. मी हलणार नाही. सोडा फवारे."

मग नूतनताई हळूच म्हणाल्या, "खाता? पण आम्ही तर यावरून..."

"चाललात. मग? वरून टरफल असतं, ते गिरणीत निघतं. आणि ताई, आजवर तुम्ही खाल्लेला तांदूळ कुठून आला? कुणाच्या तरी बापानं, कुणाच्या तरी आईनं पायांनीच वाळवला असेल. तुम्ही ते पाय बघितले नाहीत, एवढंच. मी तुम्हाला आज दाखवले."

माझा आवाज फाटला होता. मला रडू येत होतं, ते रागाचं होतं की कशाचं, ठाऊक नाही. नूतनताईंनी डोक्यावरची टोपी काढली, खाली वाकल्या आणि टोपीनं यांनी आणलेल्या गोणीत भात भरायला लागल्या. मग हास्यक्लब वाकला. योगावाले तर छानच वाकले. ओळखपत्र पाठीमागे टाकून हर्षदसाहेबही ओंजळी भरत होते आणि नियम नंबर सतराचं कुणी नाव काढलं नाही. सहावी गोणी कठड्याबाहेर पडली आणि फवारे उडाले. सुजित तेवढा भिजला.

मी जिंकले. चार दिवसांनी भात गिरणीतून भरडून आणला, शुभ्र तांदूळ. रविवारी सगळ्यांची पानं वाढली. वरण, बोंबलाचं कालवण आणि वाफाळता नवा भात. मी बसले आणि बघते तर यांचा हात चपातीवर.

"भात?"

"आज नको. पोट जड आहे."

"लहानपणापासून पायांनी वाळवलेला भात खाल्लात ना?"

"खाल्ला. पण ते आपले पाय होते, केसर. हे सेक्टरचे पाय आहेत. आणि चपलांपाशी दिवसभर मी उभा होतो. मी एकेक पाय बघितलाय."

माझी सून पूनम उठली आणि आतून दुसरं पातेलं घेऊन आली. लांब दाण्याचा, सुटा, मोकळा भात. विकतचा. यांनी वाढून घेतला, मुलानं घेतला, नातवानं दोनदा घेतला.

मी माझ्या तांदळाचा भात ताटभर वाढून घेतला आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. आजही मी तोच खाते. सहा गोणी धानाचा तांदूळ आहे, खाणारी मी एकटी आहे, आणि मी मागे हटणार नाही, हे कुणीही लिहून घ्यावं. पूर्वी दोन पाण्यांत तांदूळ धुऊन व्हायचा, हल्ली मी नऊ पाण्यांत धुते. पण ते नव्या तांदळाला लागतंच, त्याचा बाकी कशाशी काही संबंध नाही.