इंदूआक्का रायफल बघतात

इंदूआक्का परक्याच्या घरी गेल्या की चहा यायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर शोधतात. ते सापडलं की त्या घरच्यांनी मांडीवर दिलेली रायफल उचलून डाव्या खांद्याला लावतात, उजवा डोळा मिटतात आणि महिन्यातल्या एखाद्या चतुर्थीवर नेम धरतात. रायफल रिकामी आहे हे त्यांनी दोनदा उघडून पाहिलेलं असतं, घरातल्यांनाही दाखवलेलं असतं. तरी सगळी माणसं हळूहळू भिंतीपासून लांब सरकतात. मग आक्का रायफल खाली घेतात, पदर सारखा करतात आणि म्हणतात, "चतुर्थी हालतीया."

म्हणजे स्थळ नापसंत.

'स्थळ' हा त्यांचाच शब्द. जुनी लिव्हरची रायफल कुठं विकायला आहे असं कानावर आलं की त्या बांधावरून मला हाक मारतात, "संजू, स्थळ आलंय. सुट्टी कवा हाय?" त्यांचा ऊस आणि आमचा कांदा यांच्यामध्ये एकच बांध. मी कुरकुंभच्या एका औषध कंपनीत शिफ्टला जातो, त्यामुळं सुट्टी कधी सोमवारी तर कधी गुरुवारी. आक्कांना चालतं. माझ्या जुन्या गाडीत पुढच्या सीटवर बसून, पायाशी पिशवी घेऊन त्यांनी निम्मा पुणे जिल्हा पालथा घातलाय. पिशवीत एक बारीक बॅटरी, सुती चिंधी, भिंग आणि परवान्याची प्लॅस्टिकमध्ये घातलेली कागदपत्रं. शिवाय शेंगदाण्याचे लाडू, कारण "रायफल बघायला जायचं म्हंजी रिकाम्या पोटी हात कापत्यात."

वय साठीच्या पुढं. नवरा, म्हणजे आमचे आण्णा, चार वर्षांमागं गेले. मुलगा पुण्यात. आणि आक्का जन्मापासून डावखुऱ्या. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

नेहमीच्या रायफलीला गोळी भरायची बोल्टची दांडी उजव्या अंगाला असते. डावखुऱ्या माणसाला दर गोळीला हात पलीकडून फिरवून आणावा लागतो. लिव्हरच्या रायफलीला चापाखाली एक कडी असते. कडी खाली ओढली की रिकामं काडतूस बाहेर, वर दाबली की नवं आत. हात डावा का उजवा, ती विचारत नाही. पण ह्या रायफली आपल्याकडं नव्या मिळत नाहीत. ज्या आहेत त्या कुणाच्या तरी आज्ज्याच्या.

आक्कांनी ती पहिल्यांदा पाहिली कॉलेजात. नेमबाजीचं शिबिर होतं. शिकवणारे सगळ्यांना उजव्या खांद्यावरनंच मारायला लावायचे. आक्कांच्या गोळ्या कधी मातीत, कधी शेजारणीच्या कागदावर. एक दिवस बघायला आलेल्या कुणा वयस्कर साहेबानं त्यांचा डावा हात वळवळताना पाहिला, गाडीतनं स्वतःची लिव्हरची रायफल काढली आणि म्हणाला, "ह्या बाजूनं मार बेटा."

"मग?" मी दरवेळी विचारतो.

"मग काय. मारली." आक्का खिडकीबाहेर बघतात. "संजू, तवा मला पयल्यांदा कळलं, माझा हात चुकीचा न्हाई."

त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. बघायला पाहुणे आले तेव्हा मावशीनं बजावलं होतं, पोह्याची बशी उजव्या हातानं द्यायची. दिली. पोहे सासऱ्यांच्या धोतरावर. तरी लग्न जमलं, कारण आण्णा हसले होते. आण्णा माणूस चांगला, पण रायफलीचं नाव काढलं की म्हणायचे, "पोरगं शाळंत जाऊ दे, मग बघू." मग, "ऊस जाऊ दे, मग बघू." आण्णा बघू म्हणतच गेले.

वर्षश्राद्ध झालं आणि आक्कांनी परवान्याचा अर्ज टाकला. कारण लिहिलं, पिकांचं संरक्षण. रानडुकरं मका लोळवतात हे खरंच होतं. चौकशीला हवालदार आले.

"आजी, बंदूक चालवणार कोण?"

"मी."

"तसं न्हाई. म्हंजी खरं कोण?"

आक्कांनी अंगणातला खडा उचलला आणि पलीकडच्या ठिबकच्या टाकीच्या झाकणावर डाव्या हातानं मारला. टण्ण वाजलं. हवालदारांनी काहीतरी लिहून घेतलं.

"बिबट्या मारायचा इचार न्हाई ना? गुन्हा हाय तो."

"त्याची बाई माझ्या उसात बाळंत होऊन गेली," आक्का म्हणाल्या. "सव्वा महिना त्या अंगाला पाणी सोडलं न्हाई मी. आन् म्हनं मारायचा इचार."

परवाना मिळाला. पण परवाना मिळाला की ठरलेल्या मुदतीत हत्यार घ्यावं लागतं, नाहीतर तो रद्द होतो. आमचं स्थळं बघणं सुरू झालं.

कासुर्डीला एका मोठ्या बागायतदाराकडं पहिली पाहिली. आज्ज्यानं शिकारीसाठी आणलेली, दणकट, पितळेवर हरीण कोरलेलं. मालक म्हणाला, "ह्या हत्यारानं आमच्या आज्ज्यानं काय काय पाडलं, विचारू नका." आक्कांनी विचारलं नाही. "आधी आत बघू दे," म्हणाल्या. हे त्यांचं पालुपद. कडी उघडली, मागून फटीत अंगठ्याचं नख धरून त्यावर बॅटरीचा उजेड पाडला आणि पुढून नळीला डोळा लावला. बराच वेळ तसाच.

"काय दिसतंय?" मालक.

"बिऱ्हाड."

नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. शिवाय तिची काडतुसं आता कुठं मिळत नाहीत. आक्का म्हणाल्या, "मामा, हिचा खुराक तुमच्या आज्ज्याबरुबर गेला. उपाशी जनावर घिऊन मी काय करू?"

"भिंतीवर लावा की. शो येतो."

"शो मला न्हाई करायचा."

पुण्यातल्या एका दुकानदारानं दुसरी दाखवली. आक्का आत आल्यावर तो माझ्याशीच बोलत राहिला. "साहेब, डुकराला लहान बोअर पुरणार नाही, मोठ्या बोअरची घ्या. शिकारीला पण..."

"शिकार बंद हाय," आक्का म्हणाल्या. "आन् मला कागदावरचा काळा ठिपका फोडायचाय. डुकराला आवाज पुरं. बावीस बोअरची काढा, काडतूस मिळाया पायजे."

त्यानं काढली. लाकूड लखलखीत. आक्कांनी भिंगानं आधी धडावरचा नंबर वाचला, मग कागदावरचा, आणि रायफल परत केली. नंबर जुळत नव्हते. कडीही सैल, दात पडलेल्या जबड्यासारखी खडखडत होती. "धड एकीचं, तोंड दुसरीचं, आन् वर सोफ्याचं पॉलिश," त्या जिन्यावर म्हणाल्या.

असं चाललं होतं. कुठं नळीतले आटे झिजलेले, कुठं नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी वाकडी, कुठं खांद्याला लावायचा दस्ता कुणीतरी कापून आखूड केलेला. आक्कांनी एकदा मुदत वाढवून घेतली. तीही सरत आली. परतताना आता त्या नावं ठेवायच्या नाहीत. चौफुल्याला चहा घेताना एकदा एवढंच म्हणाल्या, "डोळ्यावर पडदा यायच्या आत एक तरी नीट मारावी, एवढंच हाय रं."

मग दौंडचं स्थळ आलं.

साळवे मामा रेल्वेचे निवृत्त ड्रायव्हर. ऐंशीच्या पुढं. रेल्वे कॉलनीच्या मागं दोन खोल्यांत एकटेच राहतात. मुलगी नागपूरला, तिचा फोनवर लकडा, "बाबा, ती रायफल विकून टाका." रायफल मामांना त्यांच्या जुन्या साथीदारानं दिली होती, परदेशी जाताना. मामांच्या परवान्याला अजून वर्षं शिल्लक होती, डोळ्यांत नव्हती. समोरच्या माणसाचा आकार तेवढा दिसायचा.

मामांनी कपाटातून रायफल काढली, जुन्या धोतरात गुंडाळलेली. गाठ सोडली. मी इतक्या रायफली बघितल्या होत्या की मलाही कळलं, ही वेगळी आहे. दस्त्याचं लाकूड हाताच्या घामानं काळपट, गुळगुळीत झालेलं.

"आधी आत बघू दे," आक्का म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. नळीला डोळा लावला आणि त्यांच्या तोंडून नुसतं "आई गं" निघालं. मला दिलं बघायला. आत आटे स्वच्छ, गोल गोल फिरत लांब उजेडाच्या ठिपक्यापर्यंत गेलेले.

नंबर जुळले. कडी ओढली, बारीक टक् झालं. आक्कांनी कॅलेंडर शोधलं. चतुर्थीवर नेम धरला. चतुर्थी हलली नाही.

"दर रविवारी पुसतो," मामा म्हणाले. "सकाळी आंघोळ झाली की सुटी करायची, तेल लावायचं, परत जोडायची. आता दिसत नाही, पण हात चुकत नाही. तेवढाच रविवार जातो ताई."

"आन् सोमवार?"

मामा हसले. "सोमवारी रविवारची वाट बघायची."

भाव त्यांनी रास्त सांगितला. घासाघीस करायला जागाच नव्हती. आक्का म्हणाल्या, "घेते. पर मारून बघितल्याबिगर न्हाई." मामा लगेच तयार झाले. उठून आमच्यासाठी चहा टाकायला गेले. दोन पावलं गेले, परत आले आणि रायफलीवर धोतर नीट पांघरून गेले.

आक्कांनी ते पाहिलं. मीही पाहिलं, पण त्याचा अर्थ मला नंतर कळला.

पुढच्या सुट्टीला तिघं पुण्याच्या रेंजवर गेलो. रायफल मामांच्या मांडीवर, पिशवीत. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशात परवाना. वाटेत यवत आलं का, लोणी आलं का, सारखं विचारत होते. रेंजवरचा प्रशिक्षक आक्कांना ओळखायचा, त्यांनी प्रशिक्षणाचा दाखला तिथूनच घेतलेला. "परवानेवाले हजर आहेत ना? मग मारा," म्हणाला.

आक्कांनी पदर कमरेला खोचला, टेबलावर कोपरं टेकली आणि दस्ता डाव्या खांद्याला लावला. मी त्यांच्या बाजूला उभा होतो. इतकी वर्षं शेजार, पण आक्कांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. सगळ्या सुरकुत्या सैल पडल्या होत्या. श्वास सोडला. चाप दाबला. कडी खाली, कडी वर. पुन्हा. मध्ये कुठंही घाई नाही. दहा गोळ्या संपल्या तरी त्या तशाच होत्या, गाल लाकडाला टेकवून.

मामा मागं खुर्चीत ताठ बसलेले. "कशी हाय ताई? बसल्या का गोळ्या?"

प्रशिक्षकानं परवानगी दिल्यावर आक्का आणि मी कागद आणायला गेलो. काळ्या ठिपक्याच्या मधोमध दहाही गोळ्यांचं मिळून एकच भोक होतं, कडा फाटलेल्या, रुपयाच्या नाण्याखाली झाकलं जाईल एवढं. बाकी कागद कोरा. मी ओरडणार होतो. आक्कांनी माझा दंड धरला.

कागदाकडं त्या किती वेळ बघत राहिल्या. बोटानं भोकाची कड चाचपली. मग मागं वळून पाहिलं. मामांनी टेबलावरची रायफल मांडीवर घेतली होती आणि चिंधीनं नळीचं तोंड पुसत होते. दुसरा हात दस्त्यावरून मागं-पुढं फिरत होता, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

आक्का परत आल्या. "मामा, पार इस्कटल्या वो. एक हिकडं, एक तिकडं."

"काय सांगता!"

"नळीत कायतरी हाय. आत्ता घ्यायला मन धजत न्हाई. तुम्ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. परत एकदा मारून बघू."

माझ्या तोंडातून "आक्का, पण..." एवढं निघालं. त्यांनी चपलेनं माझा पाय दाबला. चांगलाच दाबला.

मामांनी हात पुढं केला. "कागद द्या बघू."

आक्का घोटाळल्या. द्यावाच लागला. मामांनी कागद मांडीवर पसरला आणि दोन्ही हातांची बोटं कडेपासून आत नेऊ लागले. वरचा कोपरा, खालचा कोपरा, डावी बाजू, उजवी बाजू. सगळीकडं कागद सपाट. मग मधल्या भोकाशी बोटं थांबली. तर्जनीचं टोक आत गेलं. तिथंच राहिलं.

शेजारच्या लेनमध्ये कुणाची तरी एअरगन फट फट वाजत होती. मामांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी कागदाची चौकोनी घडी घातली आणि शर्टाच्या खिशात परवान्याजवळ ठेवली.

"व्हय ताई," ते म्हणाले. "व्हय. नळी जरा गेल्यासारखी वाटतीया. अशी कशी देऊ मी तुम्हाला?"

"तेच म्हंते मी."

"बघावं लागंल अजून एकदोनदा."

"बघावंच लागंल," आक्का म्हणाल्या आणि पिशवीत उगीचच लाडू शोधू लागल्या.

दौंडला मामांना सोडून घरी येताना पारगावच्या पुलापर्यंत मी धीर धरला. मग म्हणालो, "आक्का, मुदत पुढच्या महिन्यात संपतीया. दुसरी अशी मिळायची न्हाई."

"ठाव हाय."

"मग?"

त्यांनी काच खाली केली. नदीवरचा वारा आला. "मी तिला घरी न्हेली आस्ती संजू, आन् रविवारी सकाळी मला त्यो माणूस दिसला आस्ता, मोकळ्या हातानं बसलेला. मग माझी चतुर्थी हालली आस्ती."

मुदत संपली. आक्कांनी मुदतवाढीचे कागद केले नाहीत. परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं, ते त्यांनी वाचून दिव्याच्या कोनाड्यात ठेवलं. त्या दिवशी उसाला पाणी द्यायला स्वतः गेल्या आणि अंधार पडायच्या बेताला परतल्या.

आता महिन्यातली माझी एक सुट्टी ठरलेली आहे. सकाळी आक्कांना घ्यायचं, दौंडला मामांना घ्यायचं आणि रेंजवर जायचं. मामा मागच्या सीटवर रायफल घेऊन बसतात, आक्का पुढं. मामांच्या परवान्यावर, प्रशिक्षकासमोर आक्का दहा गोळ्या मारतात. कागद आधी मामांच्या हातात जातो, ते चाचपतात, मान हलवतात आणि दोघं गंभीरपणे चर्चा करतात. तेल बदलून बघावं का, काडतूस दुसरं आणावं का, माशी जरा हलवावी का. मी चहा आणायला जातो. परत येतो तेव्हाही चर्चा चालूच असते.

नळीचा निकाल अजून लागलेला नाही.