मित्राच्या माशांसाठी चिलर

“तू डोकं शिणवू नकोस. चिलर मी निवडतो,” असं मी बायकोला म्हणालो तेव्हा माझ्या तोंडात घास होता. घास तोंडात असताना माणसाने फक्त चावावं, हे आता मला पूर्णपणे पटलं आहे.

माझं बॅगांचं दुकान आहे. शाळा मी लवकर सोडली (शाळेचंही तेच म्हणणं होतं), पण गल्ल्यावर बसून माणसं वाचायला शिकलो. गिऱ्हाईक दारात असतानाच मला त्याची गरज कळते. विशेषतः ‘मित्रासाठी हवी आहे’ म्हणणारं गिऱ्हाईक. असा मित्र आजवर एकदाही दुकानात आलेला मी पाहिलेला नाही. एक गृहस्थ तर मित्रासाठी म्हणून कमरेची बॅग बघत होते आणि श्वास रोखून पट्टा स्वतःच्या पोटावर बसतो का ते तपासत होते. मी म्हणालो, “तुमचे मित्र श्वास सोडतील तेव्हा काय करणार?” निमूटपणे मोठी घेऊन गेले.

तर अशा माणसाला कोण फसवणार?

आमच्या मागच्या गॅलरीला काचा लावून आम्ही ती बंद करून घेतली आहे. तिथे बायको मातीशिवाय लेट्यूस पिकवते. मोठा टब, त्यात खत मिसळलेलं पाणी, वर भोकांचं झाकण, भोकांत जाळीचे पेले आणि पेल्यांत रोपं. मी सुरुवातीला थट्टा करायचो. मग एकदा तिने झाकण उचलून दाखवलं. खाली पाण्यात पांढरीशुभ्र मुळं लोंबत होती, रेशमासारखी, आणि हवेच्या पंपातून येणाऱ्या बुडबुड्यांबरोबर हलकेच डुलत होती. वरून बघणाऱ्याला चार हिरवी पानं दिसतात आणि खाली एवढा दरबार भरलेला असतो! मी बोलायचंच विसरलो. (आमच्या धंद्यात हे फार दुर्मीळ.)

यंदा उकाडा वाढला आणि ती मुळं पिवळट पडायला लागली. हात लावला की बुळबुळीत.

“पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते,” बायको म्हणाली. “मुळं गुदमरतात. मागची खेप अशीच गेली. आता हीही गेली तर मी टब देऊन टाकणार आहे. पुन्हा नाही लावायची.”

हे ती शांतपणे म्हणाली. भांडताना ती काय वाटेल ते म्हणते, पण शांतपणे म्हणाली की ते खरं करते. म्हणून मी तो घास गिळायच्या आत जबाबदारी घेतली.

चिलरच्या, म्हणजे पाणी गार करणाऱ्या मशीनच्या, दुकानात शिरलो. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की विकत घेताना खरी गरज सांगायची नाही. गरज कळली की समोरचा डोक्यावर बसतो.

दुकानदार चष्मा सावरत म्हणाला, “या साहेब. कशासाठी हवंय?”

“मित्रासाठी,” मी म्हणालो. “मासे आहेत त्याच्याकडे.”

“किती पाणी?”

आमच्या टबाच्या पाचपट आकडा मी बेधडक सांगितला. मोठं गिऱ्हाईक दिसलं की दुकानदार खुर्ची देतो, हा माझा अनुभव. त्याने खुर्ची दिली.

“पाणी किती गार करायचंय?”

“चांगलंच गार. थंडीतले मासे आहेत ते.”

“आणि मशीन कुठे ठेवणार? हे महत्त्वाचं आहे बरं का.”

घर अडचणीचं आहे म्हटलं की हा जास्तीच्या नळ्या गळ्यात मारणार, हे मी ओळखलं. “उघड्यावर,” मी म्हणालो. “एकदम हवेशीर.”

माझा बेत असा होता की त्याने मोठं दाखवावं, मी नाक मुरडावं आणि शेवटी लहान मशीन घासाघीस करून उचलावं. पण त्याने पडदा बाजूला केला आणि ते मशीन समोर आलं. निळंशार, पाठीला जाळी, पुढे तापमानाचे लाल आकडे. माणूस हत्तीपुढे उभा राहतो तसा मी उभा राहिलो. नाक मुरडायचं राहूनच गेलं.

घरी आणून गॅलरीत लावलं. एका नळीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसलो. तो उतरायला लागला! ज्वर उतरावा तसा. बायकोने पाण्यात दोन बोटं बुडवली आणि डोळे मिटून म्हणाली, “अहो, नदीसारखं लागतंय.”

लग्नानंतर माझ्या कुठल्याही खरेदीवर तिने डोळे मिटले असतील, तर ते वेगळ्या कारणाने. मी त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांना न मागता चहा पाजला.

संध्याकाळी घरी आलो तर बायको गॅलरीच्या दारात, घामाने निथळलेली.

“आत जाऊन बघा.”

दार उघडलं आणि भट्टीचं तोंड उघडल्यासारखी झळ आली. मशीन क्षणभर सुरू व्हायचं, लगेच बंद पडायचं, पुन्हा सुरू. पाणी गारच होतं, पण पानं मात्र ओल्या रुमालासारखी मान टाकून पडलेली.

“मुळांना हिवाळा आणि पानांना उन्हाळा,” बायको म्हणाली. “कुठून शोधून आणलंत हे?”

“मशीन बिघडलेलं दिसतंय,” मी म्हणालो. “बघतोच त्याला.”

ती मशीनच्या मागे गेली, जाळीपुढे तळहात धरला आणि तशीच थांबली. मग माझा हात ओढून तिथे धरला. गरम वारा.

“अहो, हे पाण्यातली ऊब काढतंय आणि पानांवर ओततंय. ऊब कुठे जाणार? ती मरत थोडीच असते? फक्त घर बदलते.”

हा वारा म्हणजे आमच्याच टबातला उन्हाळा होता! मोजून काढून माझ्या हातावर ठेवलेला. इतकी वर्षं फ्रिजच्या मागे गरम का लागतं हे मी कुणाला विचारलं नव्हतं, आणि ही बाई नुसता तळहात धरून सगळं उलगडून मोकळी झाली. (बॅगेतलं सामान बाहेर काढलं की पलंग भरतो, एवढं तरी मला सुचायला हवं होतं.)

“त्याला ही जागा सांगितली होती ना?”

मी आकड्याकडे बघायला लागलो.

तिने सरळ त्या दुकानदाराला फोन लावला आणि टब, पाणी, बंद गॅलरी, लेट्यूस, सगळं एका दमात खरं सांगून टाकलं. धंद्याच्या दृष्टीने मला बघवेना. पलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं, “बाई, मग ते मासे?”

“कुठले मासे?” बायको म्हणाली आणि हळूहळू माझ्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार स्वतः लहान मशीन घेऊन आला आणि एवढ्याशा पाण्याला मोठं सारखं चालू-बंद होत राहतं, असं सांगून ते परत घेतलं. लहान म्हणजे माझ्या दुकानातल्या मधल्या बॅगेएवढं. ते गॅलरीबाहेरच्या उघड्या ओट्यावर ठेवायचं आणि नळ्या भिंतीतून आत न्यायच्या, असं दोघांनी माझ्यासमोर, मला न विचारता ठरवलं. जाताना तो मला म्हणाला, “तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा.”

बाहेरची ऊब आत शिरू नये म्हणून टबाला मी दुकानातला पॅकिंगचा फोम गुंडाळला. (तेवढंच माझं योगदान.) काही दिवसांनी बायकोने झाकण उचललं. जुन्या पिवळट मुळांतून नवी पांढरी टोकं फुटली होती, सुईएवढी. आम्ही दोघं टबाशी उकिडवे बसून बघत होतो. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. टब घरातच राहणार होता.

एकच बारीकशी अडचण उरली. गॅलरीबाहेर जिथे मशीन बसलं, तिथे माझी पेपर वाचायची खुर्ची आहे. गरम वारा नेमका मानेवर येतो.

“खुर्ची हलवू का गं?” मी विचारलं.

“कशाला? उघड्यावर आहे की. एकदम हवेशीर.”

आता रोज सकाळी ती पाण्यात बोटं बुडवायच्या आधी माझ्याकडे येते. त्याच दोन बोटांनी माझी घामेजलेली कॉलर चाचपते आणि समाधानाने म्हणते, “छान. म्हणजे पाणी गार होतंय.”