दादारावांची बिजली

माझे होणारे सासरे माझं स्थळ बघायला प्रताप नगरात आले, तेव्हा शेजारचे दादाराव न बोलावता आत शिरले आणि त्यांना म्हणाले, "सकाळी साफ झालं काय जी?"

सासरे शाळामास्तर. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायची सवय. ते "नाही" म्हणाले. दादारावांनी त्यांना उठवून अंगणात वीस फेऱ्या मारायला लावल्या. फेऱ्यांनी काम झालं आणि लग्नही ठरलं.

ही सत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. दादाराव एका रायडिंग क्लबात मोतद्दार होते. अडथळ्यांवरून उड्या मारणारे घोडे त्यांच्या ताब्यात. घोड्याला ओकता येत नाही, पोट अडकलं की दिवसभरात खेळ खलास. त्यामुळे "लीद पडली काय" हा त्यांचा रामराम होता. लग्नात तर ते नवरीचे पायच बघत. एकदा ऐन मंगलाष्टकांत म्हणाले, "उजव्या पायावर भार देऊन नाही राहिली हे." त्यांची बायको कौसल्याबाई कपाळावर हात मारून घेई.

क्लबात बिजली नावाची घोडी होती. स्पर्धेच्या सकाळी दादारावांनी तिच्या पुढच्या पायावरून हात फिरवला आणि ते सेक्रेटरीसाहेबांकडे गेले.

"साहेब, शीर गरम हाय. आज उडवू नका तिले."

"दादाराव, तुम्हाला नवरीच्या पायातही खोट दिसते," साहेब म्हणाले आणि सगळे हसले. स्पर्धा बघायला गेलेला मीही हसलो, कबूल करतो.

तिसऱ्या अडथळ्यावर बिजली उतरली ती तीन पायांवरच उभी राहिली. शीर तुटली होती. उड्या न मारणाऱ्या घोड्याला क्लब चंदी घालत नसे. सोमवारी सुई देऊन कायमचं मोकळं करा, असा हुकूम सुटला.

दादारावांनी आठ दिवस मागून घेतले. सकाळ-संध्याकाळ तिच्या पायावर गार पाण्याची धार, मग पट्टी, आणि मधल्या वेळात तिच्यासाठी ठिकाण शोधत सायकलवरून गावोगाव हिंडणं. जमीन मऊ हाय काय? पाणी कुठलं? घरात कोणाले लवकर राग येते काय? एकाने तिला गाडीला जुंपायची गोष्ट काढली, तर दादाराव तिथलं पाणीही न घेता निघाले. सातव्या दिवशी खाप्याला, कन्हानच्या काठी एक शेतकरी सापडला. नुसती चरू दे म्हणाला.

महिन्याभराने एका रविवारी ते मला एसटीने खाप्याला घेऊन गेले. पिशवीत गूळ आणि भिजवलेले चणे. बिजली लंगडतच कुंपणापाशी आली. दादारावांनी तिचा खूर मांडीवर घेतला, खरवडून साफ केला, दुखऱ्या पायाला तेल लावलं. तासभर हेच चाललं. ऊन रणरणत होतं. शेतकऱ्याची बायको पाण्याचे तांबे आणि चहा घेऊन आली. मी घटाघटा पाणी प्यालो. दादारावांनी हात जोडले.

"काहून जी? पाणी तरी घ्या," ती म्हणाली.

"नाही वं माय. बाप पोरीच्या घरचं पाणी नाही पेत."

दादारावांना मूलबाळ नव्हतं.

परतताना एसटी स्टँडवरच्या नळाला ओंजळ लावून ते कितीतरी वेळ पाणी पीत होते.