सोवळ्यातलं गटार

अनुपमाने फ्रिजमध्ये बाटली ठेवली, दार लावलं, पुन्हा उघडून खात्री केली आणि मग सासूबाईंना बजावलं, "आई, ह्या बाटलीला हात लावायचा नाही. लावावाच लागला तर आधी साबणाने स्वच्छ धुऊन. खाली जमिनीवर टेकवायची नाही. आणि उष्टं-खरकटं हिच्या जवळपाससुद्धा नको."

मालनबाईंनी मान डोलावली. अख्ख्या आयुष्यात एवढे नियम त्यांनी फक्त गंगेच्या पाण्याचे ऐकले होते. सून सायन्सवाली, देवघरासमोरून जाताना चालीचा वेग वाढवणारी. पण आतून देवभोळी निघाली, फक्त सांगायला लाजते, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बरां गो," त्या म्हणाल्या. अधिक विचारून सुनेला अवघडवायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

वस्तुस्थिती अशी होती, की त्या बाटलीत मुलुंड पूर्व येथील पार्वती निवास सोसायटीच्या मागच्या गटाराचं पाणी होतं.

गाळलेलं होतं, हे अनुपमाच्या बाजूने सांगायला हवं. एका संशोधन संस्थेत ती अशा जंतूंवर काम करत होती, ज्यांना औषधांची भीती राहिलेली नाही. ही भीती घालवण्यात पार्वती निवाससारख्या इमारतींचा मोठा वाटा होता. इथे ताप आला की डॉक्टरांच्या कॅप्सुली दोन दिवस घ्यायच्या आणि ताप उतरला की उरलेल्या शेजाऱ्याच्या तापासाठी जपून ठेवायच्या, अशी पद्धत होती. शेजारधर्म उत्तम चालायचा. एवढ्याशा औषधाने जंतू मात्र मरत नाहीत, शहाणे होतात. सोसायटीचे सेक्रेटरी सीताराम परब यांच्या मानेवरच्या गळवात सापडलेला जंतू तर इतका शहाणा होता, की संस्थेच्या कपाटातलं एकही औषध त्याला हलवू शकलं नाही.

मग अनुपमाला त्या जंतूला खाणारा एक विषाणू सापडला. माणसाच्या वाटेला तो जात नाही, जंतूशिवाय त्याला काही चालत नाही. जिथे जंतूंची वस्ती तिथेच त्याचा मुक्काम, म्हणून तो सापडला तुंबलेल्या गटारात. पाणी बारीक गाळणीतून गाळलं की जंतू वर राहत आणि विषाणू खाली उतरे. काचेच्या बशीत परबांचे जंतू पसरून वर त्या पाण्याचा थेंब टाकला, की दुसऱ्या दिवशी तिथे स्वच्छ भोक पडलेलं असे. अनुपमा ते भोक लोकांना कौतुकाने दाखवायची. नंतर संस्थेचा फ्रिज बंद पडला, बाकीचं पाणी वाया गेलं, आणि वाचलेली ही एकच बाटली तिने घरी आणली.

"हे पुन्हा करून दाखवलंत तर पीएचडी," तिचे गाइड म्हणाले होते. "नाहीतर विषय बदला. हळदीवर करा. हळद फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाही."

"मी गटारावरच करणार, सर," अनुपमा म्हणाली होती, आणि एका परिषदेसाठी पुण्याला निघून गेली होती.

ती तिकडे असताना इकडे वॉर्ड ऑफिसातून निरोप आला: गटार साफ होणार. परब ह्या निरोपासाठी सहा वर्षं भांडत होते. तीन वॉर्ड ऑफिसर त्यांनी बदलीपर्यंत पोचवले होते. त्यामुळे हा आनंद साध्या चहावर भागवणं बरं दिसलं नसतं. सोसायटीने गच्चीवर सत्यनारायण घातला.

"कुणाकडे गंगाजल आहे का?" भटजींनी विचारलं.

"आमच्याकडे आसा," मालनबाई म्हणाल्या. जरा मोठ्यानेच म्हणाल्या.

त्यांनी साबणाने हात धुतले. बाटली कुठेही न टेकवता गच्चीवर नेली आणि तीर्थाच्या भांड्यात रिकामी केली. गटारातून सुटका होणार म्हणून पार्वती निवासच्या सर्व सभासदांनी तेच गटार भक्तिभावाने ओंजळीत घेतलं.

"थोडं मचूळ लागतंय, नाही?" कुणीतरी म्हणालं.

"गंगेचा पाणी तसाच आसता," मालनबाईंनी सांगितलं.

परबांनी तीर्थ घेऊन ओला हात डोक्यावरून मागे मानेपर्यंत फिरवला. मग सेक्रेटरी ह्या नात्याने आणखी एकदा ओंजळ पुढे केली.

मंगळवारी सकाळी अनुपमा पुण्याहून परतली. बाटली ओट्यावर पालथी होती.

"आई, ही बाटली..."

"घासून ठेवलंय. बूचसुद्धा."

"आणि आत होतं ते?"

"अगो, पूजेत दिलंय सगळ्यांका. तुझा नाव घेतल्यानी लोकांनी! म्हणाले, सून शिकलेली असून किती..."

तिचा नवरा दशरथ डबा भरत होता. "मी दोनदा घेतलं," तो म्हणाला. "का गं? काय झालं?"

तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तब्येत उत्तम होती. शास्त्रीयदृष्ट्या ही समाधानाची गोष्ट होती. पण तिचा विषाणू पार्वती निवासच्या पोटात विखुरला होता आणि डोळ्यांसमोर हळद दिसत होती. आता गटारातूनच पुन्हा सुरुवात करायची, असं ती स्वतःला सांगत असतानाच मागच्या बाजूने घमेली आपटल्याचा आवाज आला. तिने खिडकीतून पाहिलं. म्युनिसिपालिटीची माणसं आली होती. बरोबर जंतुनाशक पावडरीची पोती होती.

मुकादम लोखंडी झाकण उचलायला वाकला, तेवढ्यात झाकणावर एक बाई येऊन बसली.

"ओ मॅडम, उठा. गटार साफ करायचंय."

"म्हणूनच बसलेय."

"तुम्हाला काय त्रास आहे?"

"मला नाही. तुमच्या पावडरचा माझ्या विषाणूला त्रास आहे."

मुकादमाने मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. "परबसाहेबांना बोलवा रे," तो म्हणाला. "मॅटर वेगळाच आहे."

परब बनियनवरच धावत आले. गॅलऱ्या भरल्या.

"अनुपमा, काय चाललंय हे? सहा वर्षं चपला झिजवल्या मी!"

"काका, मला हे पाणी लागतं. पावडर पडली की सगळं मेलं."

"मग भर एक डबा आणि जा ना बाई!"

"डब्याने भागत नाही. जंतू बदलत राहतो, त्याच्यामागे विषाणूही बदलतो. मला दर आठवड्याला ताजं लागणार. वर्षभर."

"वर्षभर? तुझ्या त्या कीटकासाठी आम्ही डास चावून घ्यायचे?"

"माझा कसला? जंतू तुमच्या मानेतला आहे, काका."

सगळ्या गॅलऱ्यांनी परबांकडे पाहिलं. तेवढ्यात मालनबाई खाली आल्या.

"ऊठ गो बाय. लोक हसतत."

"हसू देत. मी नाही उठणार. मुकादमाने क्रेन आणावी." मग अनुपमाने सासूबाईंना जवळ ओढलं आणि त्यांच्या कानात एकच वाक्य सांगितलं.

मालनबाईंनी झाकणाकडे पाहिलं. परबांकडे पाहिलं. वर गॅलऱ्यांकडे पाहिलं, जिथे भांडं पालथं होईपर्यंत तीर्थ घेणारे सर्व भाविक हजर होते. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि त्या सुनेशेजारी झाकणावर बसल्या. झाकण आता पूर्ण झाकलं गेलं.

"मालनवहिनी! तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

"पण कारण काय?"

"कारण सांगूचा नाय. पयला माका उचला, मग झाकण उचला."

"हे अति होतंय!" परब कडाडले, आणि संतापाने त्यांनी मान झटकन मुकादमाकडे वळवली. वळवल्यावर ते तसेच थांबले. गेला पावसाळा संपल्यापासून त्यांना कुणाकडे बघायचं तर अख्खं वळावं लागत असे. त्यांनी मान डावीकडे नेली. मग उजवीकडे. मग गळवाच्या जागेवर हात ठेवला.

"वहिनी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पूजेपासून ठणका नाही. ते गंगाजल... शिल्लक आहे का थोडं?"

"काका, ते गंगाजल नव्हतंच," अनुपमा म्हणाली. "ते ह्याच—"

मालनबाईंनी तिला चिमटा काढला. तो चिमटा पुढे आठवडाभर दिसत होता.

"तां अनुपमाच आणता," मालनबाई म्हणाल्या. "आणि ही लोकां हयसून जाईपर्यंत ती काय उठूची नाय."

परबांनी विचार केला. मान दोन्हीकडे वळवून केला.

"मुकादम, आज राहू द्या."

"साहेब! सहा वर्षं तुम्हीच बोंबलत होता!"

"सहा वर्षं थांबलात ना? आणखी एक वर्ष थांबायला काय होतं?"

पोती परत गेली.

संध्याकाळी अनुपमाने नवी बाटली भरली, आणि पुढच्या आठवड्यात काचेच्या बशीत पुन्हा स्वच्छ भोक पडलं. परबांच्या मानेची हकीकत ऐकून गाइड म्हणाले, "एकच रोगी, तोही भाविक. ह्याला पुरावा म्हणत नाहीत." पण हळदीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. परबांना मालनबाई त्यानंतर वाटीभर नळाचं पाणी देत राहिल्या. गळू बरं झालेलंच होतं, त्यामुळे त्याचाही गुण आला.

मध्यंतरी वॉर्ड ऑफिसातून एक नवे इन्स्पेक्टर पाहणीला आले. मागच्या बाजूला जाऊन त्यांनी झाकणाला हात घातला, तोच वरच्या गॅलरीतून मालनबाईंचा आवाज आला.

"ओ साहेब! पायातला काढा आधी. आणि हात धुतलात?"