वाऱ्यावरचा जुगार आणि राजीखुशीची हकीकत

श्री. ज्याने फासा केला, फासा टाकणारा हात केला, आणि दान काय पडेल ते मात्र आपणापाशीच ठेविले, त्या जगदीश्वरास प्रथम वंदन. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, या साली आणि पुढील साली आमुचे राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे पाहिले, जैसे ऐकिले, तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लेखकास अद्याप याच राज्यात राहणे आहे.

राज्य बरे चालले होते. पाऊसपाणी बेताचे, वसुली बेताची, आणि महाराजांची समजही त्याच बेताची, त्यामुळे कोणास कोणाचा फार त्रास नव्हता. पूर्वी जुगार म्हणजे गावाबाहेर एक पडकी धर्मशाळा, तेथे चटई आणि चटईवर पत्ते. तेथवर पायी जावे लागे, वाटेत ओळखीचे लोक भेटत, आणि बायको शोधीत आली तर चारचौघांत कान धरून घरी नेई. मग मोबाईल नामे यंत्र घरोघर आले, आणि त्याचे पोटात शिरून जुगाराचे पेढीवाले आले, आणि अड्डा गावाबाहेरून उठला तो थेट माणसाच्या उशाखाली येऊन बसला. आता चालणे नको, चटई नको, लाज नको. अंगठा हलविला की डाव पडे. तरुण मंडळी यास ऑनलाइन म्हणत, जुनी माणसे वाऱ्यावरचा जुगार म्हणत, आणि तेच नाव आम्हांस बरे वाटते. मग गावोगाव कुरबूर सुरू जाहली आणि गोष्ट दरबारी आली. पेढीवाल्यांचा वकील मोठा गोड बोलणारा, त्याने हा जुगारच नव्हे, बुद्धीचा खेळ आहे ऐसे सांगितले. अमात्यांचे लक्ष वकिलाच्या बोलण्याकडे नसून पेढ्यांच्या मिळकतीकडे होते, त्यांनी मिळकतीची चौथाई सरकारात यावी आणि खेळ चालू द्यावा, ऐसी मसलत दिली. महाराजांस दोन्ही पटले आणि काहीच कळले नाही, म्हणून त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिले.

न्यायाधीश राजश्री गिरमाजीपंत. साठीला टेकलेले, उपरणे स्वच्छ, हात त्याहून स्वच्छ. पंतांनी आपल्या तरुणपणी एक जुगारबंदी पाहिली होती. तेव्हा शिपाई खेळणाऱ्यास चाबकाने फोडीत आणि अड्डेवाल्याकडून हप्ता घेत, आणि एका शिंप्यास तर नुसते गंजिफेचे पत्ते घरात सापडले म्हणून मरेतो मारिले. तेव्हापासून सरकारी हात प्रजेच्या घरात शिरला की पंतांच्या अंगावर काटा येई. त्यांनी वकिलास एकच विचारिले, "खेळणाऱ्यावर कोणी जबरदस्ती करतं का?" वकील बोलिला, "छे सरकार. खेळ उघडला की आधी लिहून येतं, मी राजीखुशीनं खेळतो आहे. त्यावर अंगठा दाबला तरच पुढं जाता येतं." मग पंतांनी निर्णय सांगितला, की जाणत्या माणसाने राजीखुशीने आपले नुकसान केले तर सरकारने मध्ये पडू नये. सरकार मायबाप खरे, परंतु मिशा फुटलेल्या लेकाचे खिसे कोणी मायबाप चाचपीत नाहीत. दरबार वाहवा म्हणाला. चौथाई येऊ लागली आणि महाराजांनी चौकात कारंजे बांधिले. हा निर्णय दुष्टपणाचा होता ऐसे म्हणवत नाही. पंतांनी तो मनापासून दिला होता, आणि म्हणूनच पुढील हकीकत लिहिताना हात जड होतो.

पंतांस एक धाकटा भाऊ, केसोपंत. आई लवकर गेली, तेव्हा पंतांनीच त्यास मांडीवर घेऊन भरविले, अक्षर शिकविले, लग्न करून दिले, आणि पीलखान्यावर, म्हणजे सरकारी हत्तींच्या देखरेखीवर, चिकटविले. पोटचे लेकरू पंतांस नव्हते, जो जीव होता तो केसोवर. हा केसो स्वभावे साधा, हत्तींत रमणारा. त्यास कोणी तरी मोबाईलवर क्रिकेटचा डाव दाखविला. पहिले दान लागले. लागले नसते तर बरे जाहले असते, परंतु पेढीवाले पहिले दान लावितातच. मग तो हत्तींस ऊस घालताना खेळू लागला, जेवताना खेळू लागला, सासऱ्यांच्या तेराव्यास पंगतीत बसून खेळला. घरातील किडूकमिडूक गेले, मग बायकोच्या, अंबाऊंच्या, अंगावरचे गेले. भावास सांगावयाची लाज, म्हणून घरी न सांगता तो एके सकाळी न्यायसभेत आला आणि फिर्यादींच्या रांगेत चार लोकांमागे उभा राहिला. पंतांनी मान वर केली तो समोर आपलाच भाऊ.

"काय मागणं आहे?" ऐसे पंतांनी इतरांस विचारीत तैसेच विचारिले.

"माझं नाव सगळ्या पेढ्यांना कळवा," केसोपंत म्हणाले. "या माणसाला खेळू देऊ नका, असा सरकारी हुकूम काढा. एवढंच."

"तुमच्यावर कोणी जबरदस्ती करतं का?"

"नाही."

"मग खेळू नका."

"तेवढं जमत असतं तर रांगेत कशाला उभा राहिलो असतो, दादा?"

सभेत दोघेचौघे हसले. पंतांनी मोबाईल टाकून द्यावा ऐसे सुचविले. केसोपंत म्हणाले, "टाकला होता, हत्तींच्या हौदात. दुसरा घेतला." मग त्यांनी जे सांगितले ते सभेतील लोक अजून सांगतात. ते म्हणाले, "आपला मोठा हत्ती आहे ना, गजभूषण, त्याला माज यायचा असला की आधी त्याचं त्यालाच कळतं. तेव्हा तो आपणहून साखळीपाशी येतो आणि पाय पुढं करतो. माहूत साखळी घालतो. मग माज चढला की तीच साखळी तोडायला तो जिवाचं रान करतो, माहुताच्या अंगावर धावून जातो. आता तुम्ही न्यायाधीश. त्याची खरी मर्जी कोणती धरायची, पाय पुढं करतो ती, की साखळी तोडतो ती? दादा, मी आज शुद्धीत आहे. आजच घाला."

भावाच्या डोळ्यांखाली काळे आले होते ते पंतांनी पाहिले, आणि पाहिले म्हणूनच आवाज अधिक कडक केला. "माणूस हत्ती नव्हे. माणसाला साखळी घालायचा कायदा या राज्यात नाही. आणि तुमच्यासाठी काढला तर लोक म्हणतील, न्यायाधीशानं भावासाठी काढला." ऐसे बोलून त्यांनी मागल्या माणसास पुढे बोलाविले. केसोपंत नमस्कार करून गेले. त्या दुपारी पंत समाधानाने जेवले. आपण सख्ख्या भावासही निराळा न्याय दिला नाही, याचे त्यांस बरे वाटले. कढी पुन्हा मागून घेतली.

पुढे दसरा आला, आणि सीमोल्लंघनास महाराज निघाले तो नगारा वाजेना. पाहतात तो नगारखान्यात नगाराच नाही. महाराजांचे सख्खे मेहुणे वाऱ्यावरच्या जुगारात बुडाले होते, त्यांनी नगारा परमुलखाच्या व्यापाऱ्यास विकिला होता. मग भर चौकात एका म्हातारीने पितळी परात वाजविली आणि त्या तालावर महाराजांची स्वारी निघाली, आणि प्रजा पदर तोंडाशी धरून हसली. गावोगाव संसार मोडले तेव्हा महाराजांस काही वाटले नव्हते, परंतु हसू फार झोंबले. आज्ञा जाहली, सर्व जुगार बंद, जो खेळेल तो कैद, पंतांनी आजच हुकूम लिहावा. पंतांचे मन तोवर पालटले होते. भाऊ घरी येईनासा जाहला होता आणि अंबाऊंचे हात मोकळे दिसत होते. त्यांनी विनविले की, पेढीवाल्यास कैद करावी, खेळणाऱ्यास करू नये, आणि जो आपणहून येऊन मला अडवा म्हणेल त्यासाठी एक दार ठेवावे. महाराज म्हणाले, "एवढं लांबड कोण वाचणार? एका ओळीत लिहा." पंतांनी एका ओळीत लिहिले, जो राजीखुशीने खेळेल त्यास वर्षाची कैद. मनात म्हणाले, निदान भावाचा तरी जीव वाचेल. हुकूम फिरला त्या दिवशी अंबाऊ दारी आल्या. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि खालच्या मानेने म्हणाल्या, "भाऊजी, हे आधी का नाही केलंत?"

बंदीने काही घरे खरोखर सावरली, हे लिहिले पाहिजे. पुष्कळांस नुसते दार बंद दिसले तेवढेच पुरले. परंतु ज्यांस तेवढे पुरत नव्हते त्यांच्यासाठी परमुलखातून चोरट्या पेढ्या आल्या. तेथे जिंकलेले मिळेल याचा भरवसा नाही, हरला तर दाद नाही, आणि वसुलीस येणारी माणसे घरात शिरून हात पिरगाळीत. केसोपंत तेथे खेळू लागले. पूर्वी ते उघड रांगेत उभे राहून मला अडवा म्हणाले होते, आता तैसे म्हणणे म्हणजे गुन्हा कबूल करणे, म्हणून वैद्यास सांगता येईना, भावास सांगता येईना, बायकोस तर नाहीच. शिपाई लोकांचे मोबाईल रस्त्यात हिसकावून पाहू लागले होते. त्यांनी एके दिवशी पीलखान्यात शिरून गवताच्या गंजीआड बसलेल्या केसोपंतांस धरिले आणि न्यायसभेत आणून उभे केले. अमात्य मुद्दाम पाहावयास आले. अंबाऊ खांबापाशी उभ्या राहिल्या.

कायद्यात एकच पळवाट होती. कोणी जबरदस्तीने खेळविले ऐसे सिद्ध जाहले तर सुटका, राजीखुशीने खेळला तर वर्षाची कैद. पंतांनी घसा साफ केला आणि विचारिले, "राजीखुशीनं खेळलात, की कोणाच्या जबरदस्तीनं?" आणि जबरदस्ती या शब्दावर ते ऐसे रेंगाळले, की सभेतील शेंबड्या पोरासही कळावे. वसुलीवाल्यांनी पिरगाळिलेला हात केसोपंतांच्या गळ्यात बांधलेला होता. जबरदस्तीने, एवढेच म्हणावयाचे होते. केसोपंत म्हणाले, "जबरदस्ती कोणी केली नाही, दादा, खोटं कशाला बोलू. आणि राजीखुशीनं म्हणाल तर तसा मी एकदाच वागलो. त्या सकाळी, तुमच्यापुढं. त्यानंतर जे केलं ते कोणी केलं, मला सांगता येत नाही." कारकुनाने बोरू उचलून विचारिले, "काय लिहू, सरकार?" कायद्यास दोनच उत्तरे ठाऊक होती. पंत म्हणाले, "राजीखुशीनं, असं लिहा." आणि वर्षाची कैद सांगितली, आणि उठून आत गेले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

कैदेत मोबाईल नव्हता. पहिले काही दिवस केसोपंतांचा अंगठा आपोआप हाले, झोपेतही हाले. मग थांबला. त्यांस झोप लागू लागली, अंग धरिले, ते कैद्यांस हत्तींच्या गोष्टी सांगू लागले. पंत भेटावयास गेले की ते हसून म्हणत, "बरं आहे इथं." पंत घरी येऊन एकटे बसत. इकडे खजिना आटला आणि कारंजे बंद पडले. अमात्यांनी सांगितले की, लोक खेळतात ते खेळतातच, फक्त पैसा परमुलखास जातो. हेही खोटे नव्हते. महाराजांचा नगारा तोवर नवा आला होता आणि प्रजेचे हसू ते विसरले होते. विश्वावसुनाम संवत्सरी बंदी उठली, चौथाई पुन्हा लागू जाहली, आणि सर्व कैदी मोकळे करावे ऐसा हुकूम निघाला. तो घेऊन पंत स्वतः तुरुंगी गेले. आनंद होता, ते का नाकारावे. वाटेत त्यांनी भावासाठी पेढे घेतले.

केसोपंत खोलीत भिंतीस टेकून बसले होते. हुकूम ऐकून ते उठले नाहीत. म्हणाले, "दादा, मला इथंच राहू द्या."

"का रे?"

"बाहेर मला माझा भरवसा नाही."

तुरुंगाचा अधिकारी भला माणूस होता. तो अदबीने बोलिला, "सरकार, गुन्हा नसलेल्या माणसाला कोंडून ठेवायचा कायदा नाही." पंतांनी खाली पाहिले. मग भावाचा दुखरा नसलेला हात धरून त्यास फाटकाबाहेर आणिले. बाहेर पेढीवाल्यांनी मांडव घातला होता. सुटलेल्या कैद्यांस ते नवे मोबाईल वाटीत होते, पहिले डाव फुकट, आणि रांग लागली होती. केसोपंत थांबले. पंत म्हणाले, "केसो, घरी चल. तुझी वहिनी वाट बघतेय, अंबाऊ आल्यात. चल."

केसोपंतांनी रांगेकडे पाहिले, मग भावाकडे पाहिले, आणि लहानपणी धडा विचारीत तैसे विचारिले, "हा हुकूम आहे, दादा, की विचारताय?"

पंतांनी तोंड उघडिले. आयुष्यभर दुसऱ्यांस उत्तरे दिली होती, ती सर्व त्या क्षणी त्यांस आठवली आणि एकही कामास आली नाही. केसोपंतांनी पुष्कळ वाट पाहिली. त्यांस खरोखर उत्तर हवे होते. मग त्यांनी आपला हात हलकेच सोडवून घेतला आणि रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.

एवंच हकीकत. चौकातील कारंजे पुन्हा उडते आहे, पीलखान्यावर दुसरा माणूस नेमिला, अंबाऊ माहेरी गेल्या. राज्यात सर्व काही राजीखुशीने चालले आहे. आधी सोडले ते चुकले, की मागून बांधिले ते चुकले, हे लेखकास ठरविता आले नाही, ज्यास येईल त्याने दरबारी कळवावे. गिरमाजीपंत अद्याप न्यायसभेत बसतात, आणि फिर्यादींची रांग लागली की आधी उठून शेवटच्या माणसापर्यंत चालत जातात, प्रत्येकाचे तोंड पाहतात, आणि मग कामास बसतात.