शुभ्राचे दोन रेफरी

अर्ज भरण्याच्या बाबतीत अख्ख्या भोर तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही. हे मी नम्रपणे सांगतो, कारण गर्वानं सांगितलं तर आमची सौ. सुलक्षणा आतून ऐकत असते. सत्तावीस वर्षं मी आवक-जावकच्या टेबलावर बसलोय. रेशनकार्डात नवी सून चढवणं, सातबाऱ्यावरून मयत आजोबा उतरवणं, जन्मतारीख चुकलेल्या माणसाला कागदोपत्री पुन्हा जन्माला घालणं, ही कामं मी चहा गार व्हायच्या आत करतो!

त्यामुळे भोंगवलीच्या माझ्या भाचीनं, शुभ्रानं, एम.एस्सी. भूगोलाच्या प्रवेशाचा अर्ज माझ्या हवाली केला, याचं मला नवल वाटलं नाही. नवल नंतर वाटलं, आणि ते सगळ्यांनाच वाटलं.

विभागात जागा तीस, अर्ज आठशे. प्रवेश मिळाला नाही तर दिवाळीनंतर स्थळं बघायची, असं माझ्या बहिणीनं, नलूनं, जाहीर करून टाकलं होतं. म्हणजे पोरीला एक तर नकाशे वाचायचे होते, नाही तर पोह्यांची बशी घेऊन बाहेर यायचं होतं.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी शुभ्रा वेल्ह्याच्या आतल्या अंगाला, डोंगरात, झरे मोजत होती. कॉलेजचा प्रकल्प. तिकडं झरे भरपूर, रेंज नाही. एका टेकाडावर चढून तिनं मला फोन लावला. अर्ज सगळा भरलाय, फक्त दोन रेफरींची नावं आणि मोबाईल नंबर राहिलेत, तेवढे टाकून आजच पाठवा, असं म्हणाली.

"रेफरी ना? टाकतो की," मी म्हणालो.

"मामा, रेफरी म्हणजे आपले..." आणि रेंज गेली.

आता 'आपले' म्हटल्यावर पुढं ऐकायचं काय राहिलं? मी अर्ज उघडला. रेफरींच्या वरच्याच रकान्यात तिचं कबड्डीचं प्रमाणपत्र जोडलेलं. चार वर्षांपूर्वीची स्पर्धा, मुलींचा अंतिम सामना, भोंगवली विरुद्ध नसरापूर. आणि खाली स्वच्छ छापलेलं: रेफरी, गेनबा, कामथडी. रेफरी, आनंदराव, शिवरे. विद्यापीठानं मागितले दोन, कागदावर होते दोन! इतका जुळून आलेला रकाना मी सत्तावीस वर्षांत पाहिला नव्हता. दोघांचे नंबर माझ्याकडे होतेच. टाकले, बटण दाबलं आणि सुलक्षणाला म्हणालो, "झालं बघ."

"काय झालं ते कळेलच," ती म्हणाली.

त्या सामन्याबद्दल थोडं सांगायला हवं. शेवटची चढाई शुभ्राची होती. गडी टिपून ती परतली, पण परतताना पाय कडेच्या रेषेबाहेर पडला की नाही, यावर गेनबानाना म्हणाले बाद, आनंदराव म्हणाले बाद नाही. दोघंही शब्दाला असे पक्के, की सिमेंटनं त्यांच्याकडे शिकवणी लावावी. शेवटी ढाल दोन्ही गावांना सहा-सहा महिने ठेवायला दिली. पंचांची मात्र समजूत पटली नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. लग्नात एका पंगतीला बसायची वेळ आली, तर एक जण उपाशी उठतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबानाना एसटीनं भोरला माझ्या दारात हजर! धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, हातात मोबाईल असा धरलेला, जणू त्यात निखारा आहे. विद्यापीठाचा मेसेज त्यांच्या नातीनं वाचून दाखवला होता. शुभ्रासाठी रेफरी म्हणून आपलं नाव आलं आहे, आपला निःपक्षपाती अभिप्राय अठ्ठेचाळीस तासांत द्यावा.

"रघुवीरराव, दाद लागली बगा," नाना खुर्चीत बसत म्हणाले. "चार वर्सांनी का व्हईना, पार विद्यापीठानं फायनलचा निकाल मागितलाय."

मी म्हणालो, नाना, हे सामन्याचं नाही, हे प्रवेशाचं आहे.

"त्येच की. पाय एकदा भाईर पडल्यावर आत परवेस कसा? नेमच हाय."

प्रश्न इंग्रजीत होते. मी ते मराठीत विचारायचे, नानांनी उत्तर द्यायचं आणि मी ते इंग्रजीत टाकायचं, असं ठरलं.

"उमेदवाराला कधीपासून ओळखता?"

"त्या चढाईपास्नं."

"उमेदवाराचे गुण?"

"चढाईचे सात, पकडीचा एक."

"दडपणाखाली कशी वागते?"

"पाच जनींनी धरली व्हती. पाचींनाबी वढत आली."

इथवर मला वाटलं, हे बरंच जमतंय. मग पुढचा प्रश्न आला. उमेदवार स्वतःची चूक मान्य करते का?

"आजपत्तुर न्हाई," नाना म्हणाले. "पाय भाईर पडल्याला म्या ह्या डोळ्यांनी बगितला. पोरगी लई गुणाची हाय, पर त्या दिशी ती बाद व्हती. लिवा."

मी लिहिलं, उमेदवार आपल्या मतावर ठाम असते. नानांनी पडद्याकडं पाहिलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण मोजता येतं. म्या तीन वाक्यं बोललो आन् तुमी एकच वळ लिवली, असं त्यांनी दाखवून दिलं. मग मला सगळं जसंच्या तसं लिहावं लागलं, 'बाद' या शब्दासकट. नानांनी स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. इतकं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर थोरल्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

दुपारी शुभ्राला रेंज मिळाली. कोणत्या सरांची नावं टाकली, तिनं विचारलं. मी सांगितलं. पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं, रेंज गेली. रेंज होती.

मग तिनं अगदी हळू आवाजात समजावलं, की विद्यापीठात रेफरी म्हणजे आपले शिकवणारे प्राध्यापक. ते आपल्या अभ्यासाबद्दल लिहितात. आणि एकदा पाठवलेला अर्ज बदलता येत नाही.

"मामा, माझं वर्ष गेलं हो," ती म्हणाली, आणि तिनंच फोन ठेवला.

मी तसाच स्कूटरवर शिवऱ्याला सुटलो. एक रेफरी अजून हातात होता! हायवेला आनंदरावांची रसवंती आहे. मी पोचलो तेव्हा ते चरकात ऊस सारत होते आणि ऊस नसून तो गेनबा आहे अशा बेतानं सारत होते. कामथडीचा निकाल विद्यापीठात पोचल्याची बातमी माझ्या आधी शिवऱ्यात आली होती. म्हणून त्यांनीही अभिप्राय मोबाईलमध्ये तोंडानं बोलून धाडून दिला होता. मी विचारलं, तिच्या अभ्यासाबद्दल काही लिहिलंत का?

"अभ्यास तिचा ती बगंल," आनंदराव म्हणाले. "म्या लिवलं, पोरगी बाद नव्हती. गेनबाला चष्मा लागलाय आन् त्यो लावत न्हाई. इद्यापीठानं इचारू द्या न्हाईतर हायकोर्टानं, पोरगी आत व्हती."

वर त्यांनी मला आलं घातलेला रस पाजला. तो मला कडू लागला.

आठ दिवसांनी शुभ्राला मुलाखतीचं बोलावणं आलं. मी सोबत गेलो. मला कोणी चल म्हटलं नव्हतं. ती एसटीत भोरपासून पुण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसली आणि मी तिच्या फाइलकडं बघत बसलो.

मुलाखतीच्या खोलीचं दार उघडं होतं, बाहेरच्या बाकावर मी. आत तीन प्राध्यापक. विभागप्रमुख बाईंनी दोन कागद समोर धरले. आठशे अर्जांत सगळ्यांच्या रेफरींनी विद्यार्थी कष्टाळू आणि प्रामाणिक असल्याचं लिहिलंय, त्या म्हणाल्या, फक्त तुमचे एक रेफरी म्हणतात तुम्ही बाद आणि दुसरे म्हणतात नाही. हा काय प्रकार आहे?

मी डोळे मिटले. आता पोरगी माझं नाव घेणार आणि ते रास्तच होतं.

"मॅडम, खडू मिळेल का?" शुभ्रा म्हणाली.

फळ्यावर तिनं मैदान काढलं. प्रमाण धरून, दिशा दाखवून, ओढ्याकडच्या उतारासकट! मुलींचं मैदान आठ मीटर रुंद असतं, ती सांगत होती. हरल्यासारखं वाटून मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं गेले होते, फक्कीच्या रेषा अजून पुसल्या नव्हत्या, मी टेपनं मोजलं. मैदान साडेसात मीटर भरलं. कडेची रेषाच अर्धा मीटर आत मारली होती.

"मग दोघांपैकी खरं कोण?"

"दोघंही, मॅडम. गेनबानानांनी रेषा पाहिली, आनंदरावांनी मैदान पाहिलं. माझा पाय रेषेच्या बाहेर होता, पण मैदानाच्या आत होता."

एक प्राध्यापक म्हणाले, आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना हा फरक परीक्षेत सांगता येत नाही. बाईंनी हसून विचारलं, की असली रेषा मारणारा महाभाग कोण?

"ते गोपनीय राहू द्या," शुभ्रा म्हणाली.

मी उठून पाणी प्यायला गेलो.

यादी लागली. शुभ्राचा नंबर सतरावा! नलूनं भोंगवलीत पेढे वाटले आणि मीही लोकांना सांगू लागलो, की रेफरी निवडायला नजर लागते.

पुढच्या रविवारी दारात मोटारसायकल थांबली. पुढं आनंदराव, मागं गेनबानाना! एका गाडीवर! नानांच्या डोळ्यांवर चष्मासुद्धा. मी खुर्च्या मांडल्या. फळ्यावरची सगळी हकिगत दोघांपर्यंत पोचली होती.

"विद्यापीठानं आमा दोघांनाबी बरोबर ठरीवलं," नाना म्हणाले. "मंग चार वर्सं आमी भांडलो कुनापायी? त्यो रेषा मारनारा हुडकायचाय. तुमी त्या दिशी मैदानात व्हता. कोन व्हता त्यो?"

वाचकहो, टेपचा सुरुवातीचा अर्धा मीटर तुटलेला आहे हे आखताना माणसाच्या लक्षात येईलच असं नाही. ऊन होतं, घाई होती. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, जुनी गोष्ट आहे, तपास करावा लागेल.

तेवढ्यात सुलक्षणा चहा घेऊन बाहेर आली.

"रेषा ना? ह्यांनीच मारली की. फक्कीनं भरलेली पँट मी तीनदा धुतली."

दोघांनी कप खाली ठेवले आणि एकमेकांकडं पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच दोन्ही पंचांचं एकमत झालं.